इंजिनाची खोली

बंगळूरच्या आमच्या घरमालकांकडे कुणी पहिल्यांदा गेलं की पाणी विचारायच्या आधी ते त्याच्या हातात दोन व्हॉल्व्ह ठेवत. जुन्या इंग्रजी मोटारसायकलचे, रॉकेलने धुऊन लख्ख पुसलेले, लांब दांडीच्या चपट्या छत्रीसारखे दिसणारे. मग समोरच्या खुर्चीत बसून विचारत, "सांगा, इनलेट कुठला, एक्झॉस्ट कुठला?"

जे. पी. नगरातलं ते घर भाड्याने बघायला मी गेलो तेव्हा मलाही हा पेपर होता. पुण्याहून माझी बदली पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाली होती, मोजमाप तपासण्याच्या खात्यात. खिशात व्हर्नियर असतोच. मी दोन्ही छत्र्यांचे व्यास मोजले. सारखे. दांड्यांची जाडीही सारखी. म्हटलं, "लोहचुंबक आहे का?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून लोहचुंबक काढला. एका व्हॉल्व्हला तो चिकटला, दुसऱ्याला चिकटला नाही. एक्झॉस्टमधून पेटलेला वायू जातो, म्हणून त्याचं पोलाद वेगळं असतं. मी न चिकटणारा पुढे केला. "हा एक्झॉस्ट."

"सरी. घर तुमचं," ते म्हणाले. "बाकीचं अक्काशी बोला."

घरी येऊन मी बायकोला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पाणी किती वेळ येतं ते विचारलंस का?"

ते विचारायचं राहिलं होतं. पाणी सकाळी चाळीस मिनिटं येत असे.

त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. कुणाच्या फौजेबरोबर आणि कशासाठी आलं, याबद्दल ते मोघम बोलत. घरात मराठीच, पण तिला कानडीची फोडणी. 'थोडं'ला 'स्वल्प', 'हे बघा'ला 'नोडी' आणि 'बरोबर'ला 'सरी'. एका सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये छत्तीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं खिडकीवर बसून माणसांनी आणलेल्या चिठ्ठीवरचा नंबर बघायचा आणि तोच नंबर असलेली वस्तू द्यायची. वस्तू कशासाठी हवी आहे हे विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. नंबर जुळला की वस्तू बरोबर. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल आमच्या हिने एकदा विचारलं तेव्हा अक्का, म्हणजे त्यांची मोठी बहीण, एवढंच म्हणाल्या, "पत्रिका जुळायची हो. ह्यालाच काहीतरी स्वल्प कमी वाटायचं."

तळमजल्यावर दोन खोल्या आमच्या आणि मागची एक मोठी खोली इंजिनाची. वरच्या मजल्यावर अण्णा आणि अक्का. मध्ये एकोणीस पायऱ्या.

इंजिन त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, मोटारसायकलचं. बर्मिंगहॅमला बनलेली, एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची गाडी, माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधीची. गाडीचा सांगाडा भिंतीला टेकून उभा असे आणि इंजिन तीन टेबलांवर पसरलेलं असे. प्रत्येक भागाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला दोरा. हिरवा दोरा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक. मी एकदा चिठ्ठ्या मोजल्या. दोनशे अठरा.

भिंतीवर, जिथे इतर घरांत आजोबांचा फोटो असतो तिथे, काचेच्या चौकटीत दोन सळया स्क्रूने बसवलेल्या होत्या. हे पुशरॉड. त्यांच्याखाली मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिलं होतं: 'गाढवाचे काम'. इंजिन उघडल्यावर आतून हेच निघाले होते आणि कंपनीच्या पुस्तकातल्यापेक्षा ते आखूड होते. कोण्या अडाणी मेकॅनिकने कधीतरी चुकीचे घातले, असा अण्णांचा निष्कर्ष. येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते या चौकटीपुढे उभं करत.

"नोडी. ह्या गाढवाने बाजारातून मिळेल ते उचललं आणि घातलं. बसलं ना, मग झालं! बसतं ते बरोबर नव्हे, पुणेकर. जावईसुद्धा घरात बसतो."

'बसतं ते बरोबर नव्हे' हे त्यांचं ब्रीद होतं. ते फक्त इंजिनापुरतं नव्हतं. आमच्या मिक्सरचं भांडं दुसऱ्या कंपनीचं आहे हे त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि त्या दिवसापासून आमच्याकडची चटणी नाकारली. कॉफीचा पेला आणि खालची वाटी एकाच जोडीतली नसेल तर कॉफी थंड झाली तरी हात लावत नसत. बायकोने एकदा मुद्दाम दोन जोड्यांची अदलाबदल करून कॉफी दिली. अण्णांनी पेला उचलला, खालून बघितला, खाली ठेवला आणि म्हणाले, "हिचा नवरा दुसऱ्या घरात आहे."

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप होता. शंभराच्या वर लोक. कुणीतरी तीन वर्षं खपून दुरुस्त केलेल्या गाडीचा फोटो टाकायचा. खाली फुलं, टाळ्या, नमस्कार. मग दुपारी अण्णांचा एक शब्द यायचा: 'चूक.' काय चूक ते सांगायचे नाहीत. ज्याला कळायचं तो शोधेल, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या एका शब्दापायी माणसं सुट्टी काढून जे. पी. नगरला यायची.

असाच मारतहळ्ळीहून एकजण आला. नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. गाडी अण्णांच्याच जातीची, तीच कंपनी, तेच साल. क्रोम असं की त्यात बघून दाढी करावी. तो रहदारीतून आला होता आणि गाडी एकदाही बंद पडली नव्हती.

अण्णांनी इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकरचं झाकण काढायला लावलं. बॅटरी मारून आत पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "पुणेकर, वाचा."

रॉकरच्या अंगावर एक आकडा होता. मी वाचला. अण्णांनी मान हलवली, सुतकाला आल्यासारखी.

"दोन वर्षांनंतरचा आहे."

"पण सर, सेम टू सेम आहे," नागपूरकर म्हणाला. "माप घेतलं ना मी. काहीच डिफरन्स नाही. गाडी चालते आहे, बघा ना तुम्ही."

"चालते. ऑटोपण चालते."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"प्रॉब्लेम तुम्हाला नाही. मला आहे. मी बघितलं ना आता."

त्या माणसाने झाकण परत बसवलं. मग विचारलं, "तुमची बघू का, सर?"

अण्णांनी त्याला इंजिनाच्या खोलीत नेलं. त्याने तीन टेबलं बघितली, चिठ्ठ्या बघितल्या, चौकट बघितली. "ही कधी स्टार्ट होणार?"

"बरोबर झाली की."

नागपूरकराने बाहेर येऊन एक किक मारली. एकच. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. वरच्या गॅलरीत अक्का उभ्या होत्या. त्या आवाज संपेपर्यंत हलल्या नाहीत. मग खाली बघून म्हणाल्या, "तम्मा, आपली अश्शीच वाजायची. तू उघडायच्या आदल्या दिवशीसुद्धा."

धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात. अण्णा सत्तरीला आले होते, तरी त्यांचे तम्माच. पण मी अडखळलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. म्हणजे गाडी चालू होती?

"हौदु," अण्णा म्हणाले. "आत काजळी धरली असेल म्हणून उघडली. निवृत्त झालो त्याच आठवड्यात. बरं झालं उघडली. आत काय काय चाललं होतं ते कळलं."

त्याला अकरा वर्षं झाली होती.

आत काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिनात खाली कॅम फिरतो. तो टॅपेट नावाचा एक खुंट वर ढकलतो. खुंट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड वरच्या रॉकरचं एक टोक उचलतो, रॉकर सीसॉसारखा कलतो आणि दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून उघडतो. दाब गेला की स्प्रिंग व्हॉल्व्हला मिटवते. व्हॉल्व्ह पूर्ण मिटायचा तर या साखळीत कागदाच्या जाडीएवढी फट राहिली पाहिजे. ती रॉकरवरच्या स्क्रूने जुळवतात. फट नसेल तर व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो, आणि उघड्या दाराच्या खोलीत जसा एसीचा गारवा टिकत नाही तसा सिलिंडरमध्ये दाब टिकत नाही. गाडी चालू होत नाही.

अण्णांनी गाढवाचे पुशरॉड काढून पुस्तकातल्या नंबराचे नवे इंग्लंडहून मागवले. बसवले. स्क्रू पार शेवटपर्यंत मागे घेतला तरी फट मिळेना. मग अर्थातच रॉकर चूक असणार. नंबरी रॉकर मिळवायला दोन वर्षं गेली. फट नाही. मग व्हॉल्व्हच्या दांड्या. मग टॅपेट. यशवंतपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारात एक म्हातारा दुकानदार होता. तो दर वेळी म्हणायचा, "अण्णा, हा पत्रा घ्या, बॅरलखाली घाला, चालू होईल." अण्णा दर वेळी न बोलता परत यायचे. पुस्तकात पत्रा नव्हता. अकराव्या वर्षी स्थिती अशी होती की साखळीतल्या प्रत्येक दुव्याला हिरवा दोरा होता आणि फट शून्य होती. मी एकदा म्हटलं, "अण्णा, सगळे भाग बरोबर आणि इंजिन चूक, असं कसं होईल?"

"होतं. आमच्या कारखान्यात व्हायचं," ते म्हणाले. ते गमतीने म्हणत नव्हते.

त्या वर्षी पावसाळ्यात अक्कांच्या गुडघ्यांनी संप केला. डॉक्टरांनी पायऱ्या बंद सांगितल्या. पण भाजीवाला खाली, तुळस खाली, बोलायला आमची ही खाली. अक्का दिवसातून चार वेळा उतरायच्या, म्हणजे एकशेबावन्न पायऱ्या. एकदा बाराव्या पायरीवर बसून राहिल्या. आमच्या हिने हात धरून खाली आणलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडाने त्या बायको कुठल्या दुकानातून साबण घेते ते विचारत होत्या.

खाली त्यांना राहायचं तर खोली हवी. खोल्या दोनच ठिकाणी होत्या, आमच्याकडे किंवा इंजिनाकडे. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "अक्का, आम्ही दुसरीकडे बघतो."

"गप्प बसा. तुम्हाला बायको आहे, मुलगी आहे, तिची शाळा आहे. इंजिनाला कोण आहे?"

गाडी वडिलांनी दोघांच्या नावे ठेवली होती. आठवड्याभरात एक पबवाला बघायला आला. त्याला जुनी गाडी भिंतीवर टांगायची होती. त्याने टेप काढून लांबी, उंची, हँडलची रुंदी मोजली आणि वहीत टिपली. माणूस नीट मोजत होता, त्यात मला खोट काढता येणार नाही. मग टेबलांकडे बोट केलं.

"ये सब क्या है?"

"इंजिन," अण्णा म्हणाले.

"अच्छा है खुला है. अंदर का सामान मत डालना अंकल. दीवार पे वजन कम पडेगा. बाहर का डब्बा काफी है."

अण्णांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते पुन्हा पाहिलं नाही. अकरा वर्षं ज्याच्या आतल्या एकेका दांडीचा नंबर शोधला, त्याच्या आत काही नसलेलंच बरं, असं सांगणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. गंमत अशी, की त्या माणसाच्या गिऱ्हाइकाला अण्णांची गाडी अगदी बरोबर वाटली असती.

"आयुधपूजेपर्यंत वेळ देते," तो गेल्यावर अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी गाडी आपल्या पायांवर बाहेर उभी पाहिजे, वाजत. नाहीतर त्याचा टेंपो येईल. मला खोली हवी, तम्मा. मला आता वर जाववत नाही."

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सव्वीस दिवस होते.

अण्णांनी ते सव्वीस दिवस कसे वापरले? पहिले नऊ दिवस त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या, कारण शाई फिकी झाली होती.

दहाव्या दिवशी अक्कांनी मला बोलावलं. "पुणेकर, तुम्ही मोजता ना हो? पोटासाठी मोजता. मग इथे का नाही मोजत?"

मी म्हटलं, "अण्णांनी सगळं तपासलंय."

"त्याने वाचलंय. मोजलं कुठे?"

हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. त्या खोलीत मी तीन वर्षं आकडे वाचून दाखवत होतो, पण नंबर म्हणजे माप नव्हे. रविवारी मी माझा मोठा व्हर्नियर काढला. अण्णांना मापांचा एक तक्ता इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थाने पाठवला होता, दोन पानी. पहिलं पान वापरून चिंधी झालं होतं. दुसरं कोरं करकरीत. त्यावर बॅरलची, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो त्या लोखंडी नळकांड्याची, उंची होती.

"बॅरल कशाला मोजता?" अण्णा म्हणाले. "बॅरल फॅक्टरीचं आहे. नंबर जुळतो."

"मोजू दे की. झिजणार आहे का?" अक्का दारातल्या खुर्चीवरून म्हणाल्या.

मी पाच ठिकाणी मोजलं. पाचही आकडे शंभराव्या हिश्शात एकमेकांशी जुळले. तक्त्यापेक्षा बॅरल एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटरने बुटकं होतं. खालचा काठ लेथवर तासलेला. बारकाईने पाहिलं तर हत्याराच्या रेघा दिसत होत्या.

मग मी चौकटीकडे गेलो. काचेवरूनच नवा पुशरॉड गाढवाच्या पुशरॉडशेजारी धरला. फरक एक पूर्णांक सहा.

मी तेच मोठ्याने म्हणालो. "अण्णा, बॅरल इतकंच कमी, पुशरॉड इतकाच कमी. ज्याने कुणी हे केलं त्याने हिशेबाने केलंय. बॅरल बुटकं झालं म्हणून त्याने सळया तेवढ्याच कापल्या. तुमचा गाढव गाढव नव्हता."

"अडाणीच तो," अण्णा म्हणाले. "बॅरल तासायची काय गरज होती? कोण गाढवाचा—"

"तम्मा." अक्कांचा आवाज मोठा नव्हता. "अप्पा होते ते."

बाहेर फुलवाला ओरडत गेला.

"तू शाळेत होतास. तुमकूर रस्त्याला गाडी घेऊन पडले. बॅरलचा खालचा काठ फुटला. नवं कुठून आणणार त्या वेळी? लेथवाल्याकडून काठ साफ करून आणला आणि सळया घरी कापल्या, स्वयंपाकघरात. सळईच्या टोकाची टोपी काढली, दांडी कापली, कानस मारली, टोपी परत ठोकली. मी पक्कड धरून बसले होते. माझी सांबाराची डाळ लागली त्या दिवशी. त्यानंतर वीस वर्षं फिरले ते त्याच्यावर."

"अकरा वर्षं," अण्णा म्हणाले. "अकरा वर्षं तू सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस? इंग्लंडला विचारलंस. यशवंतपूरला विचारलंस. दारात आलेल्या गॅसवाल्याला त्या चौकटीपुढे उभं करून विचारलंस. मी रोज तुला जेवायला वाढते, मला नाही विचारलंस."

"पण मी इतकी वर्षं त्यांना..."

"म्हणूनच नाही सांगितलं. वाटायचं, आज ना उद्या तुझं इंजिन होईल आणि तू ती चौकट काढशील. बापाला तीन भाषांत गाढव म्हटलंयस हे तुला कशाला कळायला हवं? आता माझे गुडघे गेले म्हणून सांगते."

अण्णा वर निघून गेले. दोन दिवस ते खोलीत आले नाहीत. व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'अण्णांची तब्येत बरी आहे ना? माझ्या फोटोखाली काहीच आलं नाही.'

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरत असताना मागच्या खोलीतून स्क्रू फिरल्याचा आवाज आला. गेलो. चौकट टेबलावर उलटी पडली होती आणि अण्णा रॉकेलच्या बशीत दोन सळया धूत होते. त्यांच्यापुढे स्टोअर्सच्या पद्धतीची मोठी वही उघडी होती. 'बरोबर' आणि 'चूक' असे दोनच रकाने. त्यांनी पट्टी घेऊन तिसरा रकाना पाडला आणि वर बराच वेळ विचार करून लिहिलं, 'घरचे'.

"सरी का?" त्यांनी मला विचारलं. त्यांनी मला मत विचारायची ही पहिलीच वेळ.

"सरी," मी म्हटलं.

घरच्या सळया बसवल्यावर स्क्रू अर्ध्यावर असतानाच फट जुळली. मी फीलर गेजची पाती घालून पाहिली. हाताला जशी लागायला हवी तशी किंचित घासून सरकली. अण्णांनी तीच पाती सहा वेळा घातली आणि काढली. पुढच्या तेरा दिवसांत इंजिन बंद झालं आणि सांगाड्यात चढलं. या घाईत चार भागांच्या चिठ्ठ्या वहीत नोंदायच्या राहिल्या. ते अण्णांनी मला दोनदा बोलून दाखवलं.

आयुधपूजेच्या दिवशी सगळी गल्ली गाड्या धूत होती. स्कूटरना झेंडूच्या माळा, ऑटोला केळीचे खुंट. आमच्या फाटकात अण्णांची गाडी उभी राहिली. पावणेअकराला पबवालाही टेंपोतून आला, दोन हमाल आणि दोरखंड घेऊन. वायदा म्हणजे वायदा.

अण्णांनी किक मारली. मी मोजत होतो. आठ किका नुसत्या गेल्या. हमाल दोरखंडाची गाठ सोडू लागले. नवव्या किकेला इंजिन खोकलं, दहाव्या किकेला धरलं.

आवाज मी वर्णन करू शकत नाही, तो माझा प्रांत नव्हे. एवढं सांगतो की समोरच्या घरातली पूजेची घंटा थांबली. आमची ही टाळ्या वाजवायला लागली. अक्का शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या, कठडा धरून, तोंडाला पदर लावून.

मिनिटभर असं गेलं. मग अण्णांनी मान डावीकडे कलती केली. हे मी ओळखत होतो.

"टॅपेट वाजतोय," ते म्हणाले. "एक्झॉस्टचा. पुणेकर, ऐकू येतं?"

येत होतं. अगदी हलकी टिकटिक, जुन्या इंजिनाला असायचीच तेवढी. मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "येतं, पण—"

"स्वल्प उघडून बघतो. खोलीत घेऊ. दोन दिवसांचं काम." आणि त्यांनी सीटखालून पाना काढला.

अक्कांनी पदर सोडला. कठडा सोडून एकट्या चार पावलं चालत आल्या, ओट्याच्या कडेवर पाऊल ठेवलं आणि पातळ सावरून मागच्या सीटवर आडव्या बसल्या.

"अक्का, उतर. उघडायचंय."

"मी बसले आहे."

"अगं, पण टॅपेट—"

"वाजू दे. बापाचाही वाजायचा. चल, नडी."

मी धावत जाऊन बायकोचं हेल्मेट आणलं आणि अक्कांच्या डोक्यावर चढवलं, कारण नियम तो नियम. अण्णांना इलाज नव्हता. वर माणूस बसलेल्या चालू गाडीला पाना लावता येत नाही. ते बसले, गिअर टाकला, आणि गाडी फाटकाबाहेर पडून वळली. पबवाला माझ्याकडे बघत होता. मी घड्याळाकडे.

बावन्न मिनिटांनी परत आले. अण्णांचे केस उभे राहिले होते. पाय टेकताच म्हणाले, "उतर आता. गरम आहे तोवर बघायला हवं."

"तू उतर," अक्का हेल्मेटच्या आतून म्हणाल्या. "मी बसलेय." मग त्या पबवाल्याकडे वळल्या. "काय हो, टेंपो रिकामा परत नेणार? माणसं आणलीच आहेत तर वरचा माझा पलंग खाली घ्या. कपाटपण. पुणेकर, तुम्ही दाखवा कुठलं ते. पूजेचा प्रसाद घेऊन जा सगळे."

एकोणीस पायऱ्या हमालांनी तीन खेपांत संपवल्या. पलंग, कपाट, देव्हारा, शिवणाचं मशीन. टेबलं आमच्या हिनेच बाहेर ओढली. अण्णा हातात पाना घेऊन गाडीजवळ उभे होते आणि गाडीवर अक्का होत्या. मागच्या खोलीत पलंगावर चादर घातली गेल्याचं बायकोने ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे अक्कांनी माझा हात मागितला आणि उतरल्या.

"आता उघड," त्या भावाला म्हणाल्या. "काय उघडायचं ते. पण इथे, अंगणात."

अण्णांनी वर पाहिलं. बन्नेरघट्ट्याच्या बाजूने काळं भरून येत होतं. मग ते पाना खिशात घालून, गाडी झाकायला ताडपत्री आहे का, असं मला विचारायला आले.